पहिल्या मजल्याने लिफ्टचे पैसे का द्यायचे?

गेल्या डिसेंबरात भाचा न्यू जर्सीहून आला होता. जेट लॅगमुळे पहाटे पाचलाच जागा व्हायचा आणि चहाचा कप घेऊन आमच्या गॅलरीत मान वर करून उभा राहायचा. आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहतो. पश्चिमेचा वारा असला की मुंबईत उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. सत्तावीस नंबरची धावपट्टी इथून तीन-साडेतीन किलोमीटरवर, त्यामुळे चाकं बाहेर काढलेली दिसतात. इथली माणसं फोनवर बोलताना वाक्याच्या मध्येच थांबतात. पलीकडचाही घाटकोपरचा असला तर तोही थांबतो, आणि विमान गेलं की दोघं जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागतात.

भाच्याला मात्र याचं फार कौतुक. "मावशी, निओ आलं. हे ट्रिपल सेव्हन. अगं हे एटीआर बघ, किती गोड!"

मी आपली त्याच्या शेजारी मेथी निवडत उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेवीस टन."

"काय?"

"एटीआर. तेवीस टन. मघाचं ट्रिपल सेव्हन साडेतीनशे टन. निओ एकोणऐंशी."

तो हसायला लागला. त्याला विमानं नावाने माहीत, मला वजनाने. याचं कारण माझी नोकरी. तेहतीस वर्षं मी एका विमान कंपनीच्या हिशेब खात्यात होते आणि त्यातली एकोणीस 'नॅव्हिगेशन बिल्स' नावाच्या टेबलावर. विमानात बसायचे प्रसंग त्या मानाने कमीच आले.

ते टेबल कसलं, ते सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. विमान कुठल्याही देशाच्या आकाशातून गेलं की खालचे कंट्रोलर त्याच्यावर लक्ष ठेवतात, रेडिओवर बोलतात, दुसऱ्या विमानापासून लांब ठेवतात. त्याचं बिल येतं. उतरा, नका उतरू, बिल येतं. आमचं एक विमान मुंबईहून लंडनला गेलं की वाटेतल्या देशांची पाखरं महिनाभराने माझ्या टेबलावर येऊन बसायची. युरोपातल्या देशांचं एक बरं होतं, त्यांचं सगळ्यांचं मिळून एकच बिल ब्रुसेल्सहून यायचं. बाकीच्यांचं ज्याचं त्याचं. सुरुवातीला डॉट मॅट्रिक्सवर छापलेले, कडेला भोकं असलेले कागद. त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक उड्डाण : तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, अंतर, वजन, रक्कम. मी डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून उजव्या हाताने आमच्या फ्लाइट लॉगशी ताडून बघायचे. जे विमान त्या दिवशी हँगरमध्ये उभं होतं त्याचंही बिल कधीकधी लागायचं. मग डेबिट नोट, पत्रव्यवहार, आणि सहा महिन्यांनी एका ओळीचे पैसे परत.

बिल काढायचं सूत्र मला अजून पाठ आहे. किलोमीटरमधल्या अंतराला शंभरने भागायचं. विमानाच्या कमाल वजनाला पन्नास टनांनी भागून त्याचं वर्गमूळ काढायचं. दोन्हींचा गुणाकार, त्याला दराने गुणायचं. वर्गमूळ कशाला, असं मी पहिल्या आठवड्यात साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मोठं विमान जास्त देऊ शकतं म्हणून जास्त घ्यायचं, पण कंट्रोलरला काम तेवढंच पडतं म्हणून फार जास्त घ्यायचं नाही." म्हणजे बघा, ट्रिपल सेव्हन एटीआरच्या पंधरापट जड, पण तेवढ्याच अंतराला बिल येतं जेमतेम चौपट. मला हे फार न्याय्य वाटायचं. अजूनही वाटतं. कंपन्याही काही कमी नसतात. छोट्या पल्ल्यावरच्या विमानाचं वजन कागदोपत्री कमी करून घेतात, म्हणजे प्रत्येक फेरीला बिल थोडं उतरतं. विमान तेच, पत्रा तोच, फक्त प्रमाणपत्रावरचा आकडा बदलतो. मी स्वतः अशा बदललेल्या वजनांच्या याद्या युरोपला पाठवल्या आहेत.

तर भाचा. हा पठ्ठ्या नोकरी करतो कॉम्प्युटरची, पण शनिवार-रविवारी विमान उडवतो. चौघा मित्रांनी मिळून एक जुनं चार सीटचं सेस्ना घेतलंय. एका छोट्या विमानतळावरून उडायचं, शंभर मैलांवरच्या दुसऱ्या छोट्या विमानतळावर उतरून बर्गर खायचा आणि परत यायचं. माझी बहीण त्याला 'उडता वडापाव' म्हणते.

विषय निघाला तो त्यांच्याकडच्या बातमीवरून. अमेरिकेचं हवाई वाहतूक नियंत्रण फार जुनं झालंय, हे आता तिथे कोणी नाकारत नाही. त्यांच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की १३८ यंत्रणांपैकी ५१ टिकवून धरण्यासारख्या उरल्याच नाहीत आणि आणखी ५४ त्याच वाटेवर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला येणारी विमानं सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या कंट्रोलरांचे पडदे साधारण दीड मिनिट काळे झाले, रेडिओही गेला. तांब्याच्या जुन्या तारा. मग जूनमध्ये त्यांच्या एफएएच्या, म्हणजे हे नियंत्रण चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या, हंगामी प्रमुखांनी संसदेत सांगितलं की फ्लॉपी डिस्क आणि कागदाच्या पट्ट्या आता बंद करायच्या. फ्लॉपी! माझ्या टेबलावरच्या फ्लॉपी मी निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी भंगारात गेल्या होत्या. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात त्यासाठी साडेबारा अब्ज डॉलर मिळाले, आणि मंत्री म्हणतात हे कमीच आहेत, अजून हवेत.

"मग द्या की," मी म्हटलं. "विमानांना बिलं लावा. सगळं जग लावतं."

भाच्याने कप खाली ठेवला. "मावशी, यूजर फी हा शब्द आमच्या एअरफील्डवर काढू नकोस, मारतील तुला."

तिथली पद्धत मला कामावर असतानाच माहीत होती, कारण अमेरिकेत आपल्या विमानाने उतरलं तर असं सूत्राचं बिल येत नसे. १९७० पासून तिथे एक ट्रस्ट फंड आहे. प्रवाशाच्या देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर, वर प्रत्येक टप्प्याला थोडे डॉलर, आणि इंधनावर कर. ते सगळं त्या गल्ल्यात जातं. भाच्यासारखा हौशी वैमानिक गॅलनमागे १९.३ सेंट भरतो. बाकी कंट्रोलरशी कितीही बोला, हवामान कितीदा विचारा, मीटर पडत नाही.

"आणि पडू नये," तो म्हणाला. "रेडिओवर बोललं की पैसे, असं झालं तर लोक काय करतील सांग? बोलायचंच टाळतील. ढग दिसतायत, पण विचारलं तर बिल येईल, जाऊ दे, बघू पुढे. मरतील ना अशाने."

हे मला पटलं. रिक्षात बसल्यावर आपण सिग्नलला मीटरकडेच बघत असतो, रस्त्याकडे नाही. ढगात असताना माणसाने मीटर बघू नये हे खरं.

पण विमान कंपन्यांची बाजूही मला तोंडपाठ, शेवटी मीठ त्यांचंच खाल्लंय. त्या म्हणतात, रडारवरचा ठिपका हा ठिपकाच. दीडशे प्रवासी घेऊन जाणारं विमान आणि एका उद्योगपतीला घेऊन जाणारं जेट, कंट्रोलरला दोघांसाठी काम सारखंच. मग आमच्या दीडशे तिकिटांवरचा कर आणि त्या जेटच्या टाकीतल्या इंधनावरचा कर, यांची तुलना करून दाखवा. बुश सरकारने २००७ मध्ये फीची योजना आणली, संसदेने ती दारातसुद्धा उभी केली नाही. ओबामांनी २०११ मध्ये प्रत्येक उड्डाणाला शंभर डॉलर सुचवले, तेही बारगळले. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी पाठिंबा दिला होता तो तर सगळं नियंत्रणच सरकारमधून काढून ना-नफा संस्थेकडे द्यायच्या योजनेला. पुढच्या वर्षी तीही गुंडाळली गेली. दर वेळी आडवे आले ते छोट्या विमानांचे आणि बिझनेस जेटचे लोक.

"म्हणजे तुझेच लोक," मी म्हटलं. "वापरायचं सगळं, द्यायचं काही नाही."

भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, आता काहीतरी बाहेर येणार. आणि आलंच. "मावशी, तुमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या मीटिंगमध्ये तू काय म्हणाली होतीस?"

हे त्याला माझ्या बहिणीने सांगितलं असणार.

आता ते लिफ्टचं सांगायलाच हवं. आमची इमारत तळमजला अधिक सहा, १९८९ ची. मी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट इमारतीच्याच वयाची, लोखंडी जाळीच्या दोन दरवाजांची. २०१६ च्या सुमारास ती रुसायला लागली. मजल्याच्या चार इंच खाली थांबायची, नाहीतर वर. मेकॅनिक यायचा, मशीनरूममध्ये चढायचा, कंट्रोल पॅनलचं झाकण उघडून रिलेला सँडपेपर मारायचा. एकदा मी कुतूहलाने वर गेले होते. कपाटाएवढा पॅनल, आत ओळीने रिले, लिफ्ट हलली की टकटक टकटक वाजणारे, एकाच्या तोंडावर निळी ठिणगी. "ताई, हा पार्ट कंपनी बनवतच नाही आता," तो म्हणाला. "लॅमिंग्टन रोडला जुना मिळाला तर आणतो." (त्यांच्या एफएएला जुन्या यंत्रणांचे सुटे भाग ईबेवर शोधावे लागतात, हे वाचलं तेव्हा मला हा मेकॅनिकच आठवला.)

सर्वसाधारण सभेत नवीन लिफ्टचा विषय आला. अंदाजपत्रक वाचून दाखवलं गेलं, आणि सदस्यांमागे सारखी वर्गणी. मी उठले. मी म्हटलं, पहिल्या मजल्याने सहाव्या मजल्याएवढे पैसे का द्यायचे? आणि नुसतं म्हटलं असतं तर ठीक होतं. मी घरून तक्ता करून नेला होता. मजला म्हणजे अंतर. घरातली माणसं म्हणजे वजन. माणसांच्या संख्येचं वर्गमूळ, गुणिले मजला. प्रत्येक फ्लॅटची रक्कम काढलेली. तळमजला सोडला तर माझी आणि यांची मिळून सगळ्यात कमी. सहाव्या मजल्यावर सात माणसांचं कुटुंब आहे, त्यांच्या नावापुढचा आकडा वाचून तिथले काका खुर्चीवरून अर्धे उठले.

तळमजल्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते, अंतर शून्य ना त्यांचं.

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "ताई, उपविधीत लिहिलंय. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्या सदस्यांना सारखा, वापरा किंवा वापरू नका." मी म्हटलं, ते देखभालीचं आहे, हे नूतनीकरण आहे. झालं, त्या एका शब्दावर दोन तास गेले. कोणी म्हणालं सिंकिंग फंडातून घ्या. कोणी म्हणालं सिंकिंग फंड त्यासाठी नसतो. आणि शेवटी पाचव्या मजल्यावरून तो हुकमाचा एक्का पडला : इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, मग पाच-सात वर्षांसाठी नवी लिफ्ट कशाला?

घाटकोपरच्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. आमचा पुनर्विकास फनेल झोनमध्ये अडकला आहे. विमानांच्या वाटेखाली असल्यामुळे उंची वाढवता येत नाही, उंची वाढली नाही तर बिल्डरला परवडत नाही. ज्या विमानांची बिलं तपासून मी आयुष्य काढलं, त्यांनीच माझ्या घराची किंमत धरून ठेवली आहे, असं हे मला टोमणा मारतात. तर पुनर्विकास आला नाही. आणि पुनर्विकास येतोय म्हणून लिफ्टही आली नाही. सहा वर्षं.

भाच्याला हे सगळं माहीत होतं. मी मेथीच्या काड्या वेगळ्या करत बसले.

अमेरिकेची गोष्ट मला तेव्हा एकदम ओळखीची वाटली. तिथेही एक 'पुनर्विकास' कायम येतच असतो. ऐंशीच्या दशकात नव्या संगणक यंत्रणेचा भलामोठा प्रकल्प सुरू झाला, १९९४ मध्ये तो मोडीत काढावा लागला. २००३ मध्ये 'नेक्स्टजेन'चा कायदा झाला, २०२५ पर्यंत सगळं नवं होणार होतं. २०२५ साल आलं ते नेवार्कचे पडदे काळे घेऊन. आणि दर वेळी मधल्या काळात जुन्यावर खर्च कशाला, नवं येतंयच.

दुसरी गोष्ट मी हिशेबनीस म्हणून सांगते, कारण ती तिकिटाचा कर की फी या भांडणात मागे पडते. पैसा गोळा होणं आणि पैसा खर्च करता येणं यांत फरक आहे. त्यांच्या ट्रस्ट फंडात कर पडत राहतो, पण तो काढायला दर वर्षी संसदेची मंजुरी लागते. मंजुरी अडली की गल्ला भरलेला आणि हात बांधलेले. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस त्यांचं सरकार बंद होतं. कंट्रोलर बिनपगारी कामावर, माणसं कमी पडायला लागल्यावर चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा हुकूम निघाला. तो गल्ला प्रवाशांच्याच पैशांचा होता. आता जे साडेबारा अब्ज मिळाले ते सरकारच्या सामान्य तिजोरीतून, एकरकमी. एकरकमी पैशाने लिफ्ट बसते. पुढची वीस वर्षं तिच्या देखभालीचे पैसे कोण भरणार, ते त्यात नसतं.

आणि करच गेला तर प्रवाशाचं भलं होतं असंही नाही. २०११ च्या जुलैत मुदतवाढीच्या कायद्यावरून भांडण होऊन तिथले तिकिटावरचे कर दोन आठवडे बंदच पडले होते. एफएएचे चारेक हजार लोक घरी बसवले गेले. मग तिकीट स्वस्त झालं? बहुतेक कंपन्यांनी कराएवढं भाडं वाढवून टाकलं. प्रवाशाने तेवढेच दिले, फक्त ते सरकारऐवजी कंपनीकडे गेले. आमच्या ऑफिसात त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला होता, "बघा, फुकट मिळालेला कर." आम्ही हसलो खरे, पण डबा गोड लागला नाही.

भाचा म्हणाला, मग कॅनडासारखं करायचं का? त्याला वाटलं मी लगेच हो म्हणेन.

कॅनडाने १९९६ मध्ये हे काम सरकारातून काढून 'नॅव्ह कॅनडा' या ना-नफा संस्थेला दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला विकलं. भागधारक नाहीत. संचालक मंडळावर विमान कंपन्या, सरकार, कामगार संघटना आणि छोट्या विमानांचेही प्रतिनिधी. फी तेच घेतात, कर्जरोखे तेच काढतात, दहा वर्षांच्या यंत्राला दहा वर्षांचं कर्ज मिळतं. बिलंही त्यांची फार स्वच्छ असायची, माझ्या टेबलावर त्यांच्यावरून कधी वाद झाल्याचं आठवत नाही. पण विमानंच उडाली नाहीत तर फी कुठून येणार? करोनात २०२० मध्ये त्यांना दर जवळपास ३० टक्क्यांनी वाढवावे लागले आणि माणसं कमी करावी लागली. कंपन्यांचा धंदा बसलेला असताना त्यांच्याकडून जास्त मागायचे! ब्रिटननेही २००१ च्या जुलैत त्यांच्या 'नॅट्स' या नियंत्रण कंपनीतला अर्ध्याहून थोडा जास्त हिस्सा विमान कंपन्या आणि कर्मचाऱ्यांना दिला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, अटलांटिकवरची वाहतूक आटली, आणि दीड-दोन वर्षांत सरकारला नि विमानतळ कंपनीला त्यात पैसे ओतावे लागले. फी म्हणजे चांगल्या दिवसांचा मित्र.

"आणि तुमच्याकडे?" भाच्याने विचारलं. त्याचं 'तुमच्याकडे' ऐकून यांनी पेपरातून मान वर काढली.

आपल्याकडे फी आहेच, अमेरिकेसारखं भांडण नाही. रूट नॅव्हिगेशन फॅसिलिटीज चार्जेस, आम्ही आरएनएफसी म्हणायचो. विमानतळाजवळच्या नियंत्रणाचं वेगळं, टीएनएलसी. मुंबईचा विमानतळ २००६ मध्ये खासगी झाला, २०२१ मध्ये पुन्हा हात बदलले, पण नियंत्रण एअरपोर्ट्स अथॉरिटीकडेच राहिलं. आखातातून कोलंबोकडे किंवा सिंगापूरकडे जाणारी कितीतरी विमानं अरबी समुद्रावर मुंबईच्या कंट्रोलरशी बोलतात, इथे एकही माणूस न उतरवता पैसे देऊन पुढे जातात. घरबसल्या उत्पन्न. (पाकिस्तानने एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा त्यांची आपल्याकडून येणारी हीच बिलं बंद झाली. माझ्या जागेवर आता जो कोणी बसतो त्याच्याकडे एक फाइल कमी आणि वळसा घातल्यामुळे दुसऱ्या देशांच्या फाइली जाड झाल्या असतील.)

म्हणजे भाच्याच्या देशात नाही ते सूत्र आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. तरी ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत काय झालं? फ्लाइट प्लॅनचे निरोप इकडून तिकडे पोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बसली. कंट्रोलर हाताने प्लॅन भरत होते, आठशेच्या आसपास विमानं रखडली. तीही ऐन गर्दीच्या विमानतळावर, रोज फी भरणारी.

इथे माझं सूत्रावरचं प्रेम जरा अडखळतं. फी घेतली म्हणजे यंत्र नवं होतं असं नाही. आपली फी ज्या संस्थेकडे जाते तीच देशभर विमानतळ बांधते, चालवते, वर सरकारला लाभांशही देते. एका मोठ्या डब्यात सगळं. त्या डब्यातून टर्मिनल निघालं की मंत्री येतात, फीत कापतात, शाळेची मुलं नाचतात. मुंबईचा चौऱ्याऐंशी मीटरचा नियंत्रण मनोरा उभा राहिला तेव्हा त्याचंही उद्घाटन झालं, कारण मनोरा दिसतो. निरोप वाहणाऱ्या सर्व्हरची फीत कोणी कापलेली मी तरी बघितली नाही. आरएनएफसीचा डबा वेगळा ठेवा, त्यातून काय आलं नि काय गेलं ते छापा, एवढंच माझं म्हणणं आहे. सोसायटीतसुद्धा सिंकिंग फंडाची एफडी वेगळी असते.

आणि नव्या यंत्रासाठी थांबलं की काय होतं ते आपण बघितलेलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६. मी संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला होता, बातम्यांत चरखी दादरी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जम्बो आणि उतरणारं कझाकस्तानचं इल्युशिन, समोरासमोर, ३४९ माणसं. चौकशी आयोगाने दोष दिला तो दिलेली उंची सोडून खाली आलेल्या कझाक विमानाला. ते बरोबरच आहे. पण कंट्रोलरच्या पडद्यावर विमान दिसत होतं, त्याची उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारं दुय्यम रडार बसवायचं ठरलेलं होतं, काम चालू होतं. आणि जाणारी-येणारी विमानं एकाच वाटेने. अपघातानंतर वाटा वेगळ्या झाल्या, रडार लागलं, विमानांत टक्करविरोधी यंत्र सक्तीचं झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच महिन्याची बिलं पडली होती. मी दिल्लीच्या ओळींवरून बोट फिरवत होते आणि 'नॅव्हिगेशन फॅसिलिटीज' हे दोन शब्द मला वाचवेनात.

मी भाच्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. वरून दोन विमानं गेली.

मग मीच म्हटलं, माझा तक्ता गणिताने चुकीचा नव्हता. पहिल्या मजल्याने कमी द्यावं, हे मी आजही म्हणेन. पण कोणी किती द्यायचं याचं उत्तर अचूक काढेपर्यंत आम्ही सहा वर्षं त्या टकटकणाऱ्या पॅनलवर वर-खाली करत होतो, आणि तुझ्या त्या देशात बुशपासून हेच चाललंय. चुकीच्या वाटणीची लिफ्ट चालते तरी.

लिफ्ट आमची आली २०२२ ला. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी जिने बंद सांगितले. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच दिवशी लिफ्ट तळमजला आणि पहिला यांच्या मध्ये अडकली. जाळीतून मला यांची फक्त चप्पल नि वॉकरचे रबरी पाय दिसत होते. पन्नास मिनिटं. सहाव्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांच्या नावापुढे मी तो भलामोठा आकडा घातला होता, त्यांनी वर जाऊन हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली. पुढच्या सभेत ठराव पाच मिनिटांत झाला. सगळ्यांना सारखे पैसे. मी चेक तिथेच फाडून दिला, तक्ता नेला नव्हता.

भाचा जानेवारीत परत गेला. जाताना नवी मुंबईच्या विमानतळावरून का नाही, म्हणून खट्टू होता, पण त्याचं तिकीट आधीचं होतं आणि ते विमानतळ २५ डिसेंबरला नुकतंच सुरू झालेलं. तिकडे पोचल्यावर पहिल्याच रविवारी त्याने मला व्हॉट्सअॅपवर पेट्रोलची पावती पाठवली. अठरा गॅलन. खाली लिहिलं, "हे घे मावशी, माझी वर्गणी." मी गुणाकार केला. अठरा गुणिले १९.३ सेंट, साडेतीन डॉलरच्या आत. दोन तास उडला असणार.

मग मला राहवेना. त्याच्या सेस्नाचं वजन विचारलं. म्हणाला, सव्वा टनाच्या आत. मी गॅलरीत बसून जुनी वही काढली. युरोपच्या त्या सूत्रात दोन टनांखालच्या विमानाला माफी आहे. ओबामांच्या त्या शंभर डॉलरमधूनसुद्धा असली पिस्टन इंजिनाची विमानं वगळलेली होती. मी त्याला लिहिलं, "माझ्या सूत्राने तुझं बिल शून्य येतं. तू इतकी वर्षं भांडतोयस ते जेटवाल्या शेठजींसाठी. तू तळमजला आहेस."

बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत होत्या. मग उत्तर आलं.

"तळमजलावाले टाळ्याच वाजवतात ना मावशी? आज शून्य आहे म्हणून. उपविधी बदलले की?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आमच्या तळमजल्याच्या काकूंनी परवाच सभेसाठी पत्र दिलंय : नव्या लिफ्टच्या देखभालीत आमचा वाटा कमी करावा. सोबत त्यांनी एक तक्ता जोडलाय. वर्गमूळ मात्र चुकलंय.